बाजारात नुसते पाय: स्मरणचित्राच्या तासाचं एक प्रकरण

आठवीला 'आठवडी बाजार' हा विषय देऊन स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र, काढायला सांगितलं होतं. कागदांचा गठ्ठा हातात आला, तेव्हा जवळपास प्रत्येक चित्रात एकच बाई बसलेली दिसली. डाव्या कोपऱ्यात, रंगीत पट्ट्यांच्या मोठ्या छत्रीखाली, मांडी घालून. पुढ्यात तीन टोपल्या, त्यांत टोमॅटो, वांगी आणि कोथिंबीर. समोर पाठमोरी, अंबाडा घातलेली गिऱ्हाईक बाई, तिच्या हातात पिशवी. मागे फुगा धरलेला मुलगा. लांब दोन कौलारू घरं आणि एक नारळाचं झाड. रंग बदलले होते, साडीचे काठ बदलले होते, पण बाई तीच आणि तिथेच.

आमच्या गावच्या बाजारात अशी छत्री नाही. बांबू रोवून, दोऱ्या ताणून निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या बांधतात. गाव पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं, नारळ शोधावाच लागेल. बाजार गुरुवारी भरतो तो शाळेच्या फाटकापासून एसटी स्टँडपर्यंत. वर्गातली निम्मी मुलं त्या दिवशी आईबरोबर पिशव्या उचलतात, काही जण स्वतः मालाशी बसतात. म्हणजे ज्या विषयात या मुलांइतका जाणकार कुणी नाही, त्या विषयावर त्यांनी पाठ केलेलं चित्र उतरवून दिलं होतं.

शाळा अनुदानित, पाचवी ते दहावी, आणि सगळ्या शाळेला कलाशिक्षक एक, ती मी. आठवड्याला प्रत्येक वर्गाला चित्रकलेचे दोन तास, प्रत्येकी पस्तीस मिनिटांचे. पाणी आणणं, रंग काढणं आणि शेवटी आवराआवर यात दहा-बारा मिनिटं जातात. घटक चाचणी जवळ आली की उरलेला वेळ गणित किंवा इंग्रजीवाले मागून घेतात. हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही कलाशिक्षकाच्या ओळखीचं आहे, त्यामुळे इथे जास्त रेंगाळत नाही.

छत्रीवाली बाई आली कुठून हे मात्र नीट सांगायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ तिथे आहे. महाराष्ट्रात कला संचालनालयामार्फत शासकीय रेखाकला परीक्षा होतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. परंपरा ब्रिटिश अमदानीतली. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तिथे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची शिस्त आली, आणि डोळा व हात वळणावर आणण्याची ती कल्पना पुढे शाळांपर्यंत झिरपली. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं. श्रेणी अ, ब, क. आणि दोन्ही परीक्षा पास होऊन इंटरमिजिएटला मिळालेल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३.

हे सात गुण फार ताकदवान आहेत. त्यांच्यामुळे पालक चित्रकलेच्या तासाबद्दल विचारायला येतात, संस्था रंगांच्या खर्चाला नाही म्हणत नाही, परीक्षेच्या आधी महिनाभर मला जादा तास मिळतात. कोरोनाच्या काळात परीक्षा होऊ शकली नाही, तेव्हा सगळीकडे वाद झाला तो गुणांचा. दोन वर्षं मुलांच्या हातात ब्रश नव्हता, याबद्दल कुणी आवाज उठवल्याचं मला आठवत नाही. तरी मी या परीक्षेच्या विरोधात नाही. ती नसती तर आमच्यासारख्या कितीतरी शाळांत चित्रकला वेळापत्रकावर छापील शब्द म्हणूनच उरली असती. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कला सक्तीची असावी असं म्हटलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला इतर विषयांत मिसळायला सांगितलं. पण गावातल्या पालकाला शाळेपर्यंत आणलं ते त्या सात गुणांनी.

गुण आले तसे गाइडही आले. स्टेशनरीच्या दुकानात स्मरणचित्रांचा संच मिळतो. त्यात नेहमीचे विषय ठरलेले: बाजार, बसस्टॉप, दहीहंडी, वृक्षारोपण, क्रिकेट, विसर्जन. प्रत्येकाचं एक तयार चित्र. हुशार मुलं त्यातली पाच-सहा घोटून ठेवतात आणि पेपरात जो विषय येईल त्यात ती माणसं बसवतात. छत्री काढून टाकली आणि खांब लावला की बाजारवाली बाई बसस्टॉपवर चालते. माझ्या आधीच्या काळात शाळेत हेच होत होतं आणि निकाल चांगले लागत होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

मला जास्त काळजी वाटली ती वर्गातल्या उरलेल्या मुलांची. ज्यांना गाइडमधली बाई जमत नव्हती ती पहिल्याच तासाला सांगून मोकळी होत, "मॅडम, मला चित्र येत नाही." पाचवीत हीच मुलं पान भरभरून काढत. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये बालचित्रांच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांत या वयाचं नेमकं वर्णन आहे. बाराव्या वर्षाच्या आसपास मूल आपलं चित्र बाहेरच्या जगाशी ताडून पाहायला लागतं, माणूस माणसासारखा दिसत नाही हे त्याला बोचतं, आणि मदत मिळाली नाही तर ते चित्र सोडून देतं. अशा ऐन नाजूक वेळी आपण त्याच्यासमोर दुसऱ्याने काढलेलं गुळगुळीत चित्र ठेवतो आणि हे काढ म्हणतो. जमलं नाही की दोष त्याचा.

इथे एक गैरसमज दूर करते. नक्कल करणं मुळात वाईट नाही. जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून पुढची बारा-तेरा वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पण ती मुलं लेण्यांतल्या अंधारात भिंतीसमोर उभी राहून, रंगाचा एकेक थर समजून घेत काढत होती. नक्कल करतानाही त्यांना बघावं लागत होतं. गाइडवरून उतरवताना बघावं लागत नाही, कारण बघण्याचं काम कुणीतरी आधीच उरकलेलं असतं.

आणि स्मरणचित्राचा तर सगळा मुद्दाच बघण्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये होरास लकॉक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक मुलांना स्मरणातून काढायला शिकवत. आधी वस्तू मन लावून बघायची, ती दूर करायची, मग काढायचं. पुढे मुलांना मोकळ्या जागी नेऊन चालती-फिरती माणसं बघायला लावत आणि नंतर त्यावरून काढून घेत. शिल्पकार रोदँ हा त्यांचाच विद्यार्थी. आठवून काढायचं तर आधी पाहिलेलं असायला हवं, एवढी सरळ गोष्ट. आमच्या पेपरचं नावही स्मरणचित्रच आहे. त्यामुळे मला काही नवं आणायचं नव्हतं, पेपरात जे मागितलं आहे तेच करून घ्यायचं होतं.

मुख्याध्यापकांकडून मी दोन गोष्टी मागितल्या. आठवीचे दोन सुटे तास जोडून एक जोडतास, आणि तो गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर. सर म्हणाले, "जोडतास देतो, पण निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी पुन्हा सुटे." हा व्यवहार मला योग्यच वाटला.

पहिल्या गुरुवारी मुलांना बाजारात नेलं. वही-पेन्सिल न्यायची नाही, असं बजावलं होतं. काढायला बसली की मुलं कागदाकडे बघतात, बाजाराकडे नाही. प्रत्येकाने एक जागा धरायची आणि तिथून हलायचं नाही. परत आल्यावर मी चित्र काढू दिलं नाही, प्रश्न विचारले. तू कुठे उभा होतास? तुझ्या डोळ्यांपेक्षा वर काय होतं आणि खाली काय? ताडपत्रीखाली माणसांच्या तोंडावर कुठला रंग पडला होता? भाजीवालीने सुट्टे पैसे कुठून काढले? निळ्या ताडपत्रीखाली टोमॅटो जांभळट दिसतात, हे एका मुलीने सांगितलं आणि अर्ध्या वर्गाने ते खोडून काढलं. पुढच्या गुरुवारी खात्री करायला दहा-बारा जण आपणहून तिथे थांबले. टोमॅटो खरंच जांभळट दिसत होते.

चित्रं दुसऱ्या दिवशी काढून घेतली. कागद म्हणजे शाळेच्या कार्यालयातून मागून आणलेले पाठकोरे. मागच्या बाजूला छापील प्रश्नपत्रिका असल्यामुळे कागद खराब होण्याची भीती राहत नाही. हे साधं वाटतं, पण महागाची चित्रवही समोर आली की मुलांचा हात आखडतो हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

त्या गठ्ठ्यात एक चित्र असं निघालं की पुढचं सगळं वर्ष त्याच्याभोवती फिरलं. काढणाऱ्या मुलाचे वडील बाजारात सुक्या मिरच्या विकतात आणि तो गुरुवारी शाळा सुटली की त्यांच्या शेजारी बसतो. कागद आडवा धरलेला. खाली, पानाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा, मिरच्यांचा लाल ढीग. वरून तराजूचं एक पारडं लोंबतंय, आणि ते खालून दिसतं तसं काढलेलं, तीन दोऱ्यांसकट. बाकी पानभर पाय. अंगठा तुटून सुतळीने बांधलेली चप्पल. नऊवारीचा चिखलाने भिजलेला काठ. मोटारसायकलचं चाक. पिशव्यांचे तळ, त्यातल्या एकीतून मेथीच्या जुडीची मुळं बाहेर आलेली. एका बाजूने खाली आलेला एक हात, बोटांत दहाची नोट. चेहरा एकही नाही. आभाळ नाही, वर सगळी निळी ताडपत्री.

चित्र फळ्याला लावल्यावर वर्ग हसला. "डोकी कुठायत रे?" तो म्हणाला, "मी खाली बसतो. वर बघितलं की ताडपत्रीच दिसते." हसणं थांबलं. मग एकेक जण पुढे येऊन चित्र निरखू लागला, आणि तुटकी चप्पल कुणाची हे ओळखण्यावरून बोलाचाली सुरू झाली. दोघांनी तर ती व्यक्ती ओळखलीसुद्धा.

रेषा कच्ची होती. पायांची बोटं कुठे चार, कुठे सहा. रंग वाहून गेले होते. तरी मी इतकी वर्षं गोळा केलेल्या बाजारांच्या चित्रांत बाजार पहिल्यांदाच दिसत होता, तिथे बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. कुठून बघायचं, काय मोठं करायचं, काय पानाबाहेर ठेवायचं, हे निर्णय चित्रकाराचे असतात आणि या मुलाने ते घेतले होते. माझ्या मते शाळेत कला शिकवायची ती यासाठी. मुलाला स्वतःचं पाहणं खरं मानता यावं आणि ते दुसऱ्यासमोर उभं करता यावं. बाहेर पडणाऱ्यांत चित्रकार एखादाच निघेल, पण हे सगळ्यांना लागतं.

शिक्षकखोलीत मतभेद झाले. परीक्षा केंद्रावर काम केलेले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "चित्र छान आहे बाई, पण पेपरात मानवाकृती लागते. नुसते पाय काढले तर परीक्षक काय देणार?" ते चुकीचं बोलत नव्हते. पूर्ण मानवाकृती, रचना, विषयाची मांडणी, रंगकाम हे पाहिलं जातंच, आणि पाहिलं जावं. शेकडो कागद तपासणाऱ्या परीक्षकाला हा मुलगा कुठे बसतो हे कळायला मार्ग नाही.

मी त्या मुलाला डोकी घाल असं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुला तोंडं कधी दिसतात?" तो विचार करून म्हणाला, "भाव करताना. बाई वाकते तेव्हा." मग वाकलेली बाई काढायची ठरली, आणि ती त्याला येईना. पाठ, मान, लोंबणारा पदर, एका हाताने गुडघ्यावर दिलेला भार. आता त्याला कौशल्याची खरी गरज लागली होती आणि त्याच्याबरोबर वर्गालाही. एका मुलीला हातात पिशवी देऊन टेबलाशी वाकून उभं केलं, बाकीच्यांनी पाच-पाच मिनिटांची रेखाटनं केली. मोठ्या माणसाची उंची आठ डोकी असं गाइडमध्ये छापलेलं असतं. मुलांनी लाकडी पट्टीने एकमेकांना मोजलं, मग शिपाईमामांना मोजलं. मामा साडेसात डोक्यांच्या आसपास निघाले, वर्गातली मुलं त्याहून कमी. वाकल्यावर तर हिशेबच बदलतो, डोकं खांद्याच्या पुढे येतं आणि मान नाहीशी होते. मानवाकृतीचा हा धडा मी याआधी फळ्यावर आकृती काढून कितीदा दिला होता. तो खरा उतरला तो या तासांत, कारण त्यांना तो कशासाठी तरी हवा होता.

मिरचीच्या ढिगाचं दुसरं चित्र पहिल्याइतकं धीट नव्हतं. वाकलेल्या बाईचा चेहरा त्याने जपून काढला आणि त्या नादात चप्पल, चाक, नोट मागे पडली. शिकताना असं होतं. तंत्र येतं तेव्हा ते काही काळ सगळी जागा खातं. मी दोन्ही चित्रं शेजारी लावून ठेवली, त्याचं त्याला दिसावं म्हणून.

पालकसभेत अपेक्षित प्रश्न आलाच. एका मुलाचे वडील उभे राहिले. "मॅडम, पोरांना बाजारात नेताय, चांगलं हाय. पण त्या सात मार्कांचं बघा." त्यांना मी वेळापत्रक दाखवलं: दिवाळीपूर्वी परीक्षा, त्याआधीचे सहा आठवडे वस्तुचित्र, भूमिती आणि अक्षरलेखनाच्या सरावाला ठेवले होते. अक्षरलेखन आणि भूमितीला घोटण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे मी घोटूनच घेते. स्मरणचित्रासाठी नियम एकच होता: दिलेल्या विषयात आपण स्वतः कुठे उभे असतो ते आधी कागदाच्या कोपऱ्यात एका फुलीने दाखवायचं, मग रचना करायची.

निकाल लागला. अ श्रेणीची मुलं मागच्या वर्षाइतकीच होती, नापासांत एक-दोघंच. मिरचीवाल्या मुलाला ब मिळाली. वर्गात सर्वांत सफाईने गाइडचं चित्र काढणाऱ्या मुलीला अ मिळाली, आणि तिने पेपरात गाइडमधलीच रचना वापरली होती. तिच्याबद्दल मला तक्रार नाही, तिचा हात खरोखर तयार आहे. पण परीक्षेला या दोन मुलांमधला फरक कळत नाही, हे या प्रकरणातून निघालेलं तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढचं काम करावं लागेल. वाढ झालेली दिसली ती दुसरीकडे. 'येत नाही' म्हणणारी बरीच मुलं परीक्षेला बसली नव्हती, तरी गुरुवारचा जोडतास त्यांनी सोडला नाही. त्यांतल्या एकाने ऊस भरताना पाठीवर मोळी घेऊन फळीवरून चढणारा माणूस काढला. फळी किती वाकते हे त्याला अचूक माहीत होतं.

एक बाजू अजून राहिली, आणि ती आम्हा शिक्षकांची आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आठवीपर्यंत कलेला लेखी परीक्षा नाही, सगळं मूल्यमापन आकारिक, म्हणजे वर्षभर निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. तरतूद उत्तम आहे. प्रत्यक्षात बाजारात या नोंदींच्याही तयार पुस्तिका मिळतात. 'रंगसंगती आकर्षक करतो', 'चित्र सुबक काढते', 'कलेची आवड आहे'. पटावर नावापुढे एकेक ओळ टाकत गेलं की काम झालं. मुलांनी गाइडमधली बाई काढू नये म्हणताना मी त्या पुस्तिकेतून ओळी उतरवू शकत नव्हते. म्हणून नोंदी बदलल्या. त्या मुलापुढे मी लिहिलं: 'बसलेल्या माणसाच्या उंचीवरून बाजार पाहतो. पारडं खालून कसं दिसतं हे लक्षात ठेवून काढलं. वाकलेल्या देहाचं प्रमाण अजून जमत नाही, सराव चालू.' असं प्रत्येकासाठी लिहायला वेळ जातो, आणि सगळ्या शाळेला एक शिक्षक असताना तो सगळ्या वर्गांसाठी निघत नाही. मी आठवीपुरतं केलं. बाकी वर्गांच्या नोंदी अजून मोघमच आहेत.

सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीमच्या, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याच्या, शाळेत देवीप्रसाद १९४४ पासून बरीच वर्षं कला शिकवत होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेला हा माणूस. तिथे सूत, माती, शेती या कामांच्या शेजारीच चित्रकला होती, तिला वाढीव गुणांचा आधार लागत नव्हता. आमची शाळा तशी नाही आणि होणारही नाही. पण गुरुवारचा बाजार आमच्या फाटकाशी येऊन बसतो, आणि त्याचा उपयोग करायला कुणाच्या परवानगीची फारशी गरज पडली नाही.

मुख्याध्यापकांनी शब्द पाळला. आठवीचा जोडतास कायम राहिला आणि आता नववीलाही मिळाला आहे. दहावीला मिळालेला नाही. तिथे चित्रकलेचा तास जूनमध्येच विज्ञानाच्या जादा तासात गेला, आणि इंटरमिजिएट पदरात पडली की मुलांना स्वतःलाही तो नको असतो. दहावीच्या वर्गशिक्षिकेशी माझं बोलणं चालू आहे. भूगोलाच्या क्षेत्रभेटीत रेखाटनासाठी अर्धा दिवस द्यायला त्या तयार आहेत, इतपत येऊन ते थांबलं आहे.